तान्हाक्काने काढलेले चार चेहरे

फार वर्षं झाली. हिवरकड्याच्या चावडीवर तेव्हा कौलं नव्हती, गवताचं छप्पर होतं. गावाच्या वरच्या अंगाला चुन्याची भट्टी होती आणि भट्टीवाल्याला एक लेक होती. तिचं नाव तान्हाक्का.

लहानपणी सगळे तिला खुळी म्हणायचे. पाण्याला पाठवली, तर रिकामी घागर घेऊन वाटेतच उभी. एकदा आईने दरडावून विचारलं, "काय बघत होतीस गं एवढा वेळ?"

"म्हैस."

"म्हैस कधी बघितली नाहीस?"

"तुम्ही लांबूनच म्हणता, म्हैस आली. मग तिच्याकडे बघतच नाही. सकाळी तिच्या पाठीवर निळा रंग असतो, आई."

आईने कपाळावर हात मारला. पण दुसऱ्या दिवशी ती गोठ्यात जाऊन थांबली, आणि असं म्हणतात, की तिलाही तो निळा रंग दिसला.

पुढे तान्हाक्का चुना, गेरू आणि कोळसा घेऊन भिंती रंगवू लागली. तिने काढलेल्या गाईला वासरं येऊन हुंगायची, असं म्हणतात. आणि एकदा पाहिलेला चेहरा ती कधी विसरली नाही.

त्याच गावात गोजरा नावाची विधवा होती. तिचा एकुलता एक केरबा पाच वर्षांचा असताना बाजाराच्या गर्दीत हरवला. रडून रडून तिचे डोळे गेले. काही वर्षांनी एक भामटा आला, "मीच केरबा" म्हणाला, दहा दिवस जेवला आणि घरातली भांडी घेऊन पळाला. त्या दिवसापासून गावाने कानाला खडा लावला.

म्हणून केरबा हरवल्यावर बावीस वर्षांनी दुसरा एक तरुण आला, तेव्हा येसाजी पाटलांनी त्याला देवळातच बसवून ठेवलं. "खूण सांग," ते म्हणाले.

"मला काही आठवत नाही," तो म्हणाला. "केरबा हे नाव आणि हा कडा, एवढंच."

"कडा सगळ्यांनाच दिसतो. दिवस मावळायच्या आत गावाबाहेर हो."

गोजरा आपल्या दारात उभी होती, ना आत जात होती ना बाहेर येत होती. पुन्हा फसायची भीती होती, आणि लेक दारातून परत जाईल याचीही.

तेव्हा तान्हाक्का चावडीवर पाटलांकडे आली. केस पिकायला लागले होते तिचे. "पाटील, त्या माणसाला मी पाहिलेलं नाही," ती म्हणाली. "बघणारही नाही. मला चावडीची भिंत द्या."

तिने भिंतीवर कोळशाने पाच वर्षांचं पोर काढलं. गोजराची जाऊ ते बघून मोठ्याने रडू लागली. तान्हाक्का थांबली नाही. तिला केरबाचा बाप आठवत होता, गोजराचं तरुणपण आठवत होतं. त्या दोघांच्या हाडांवरून तिने दहा वर्षांचा मुलगा काढला, मग मिसरूड फुटलेला, मग पुरता वाढलेला पुरुष. असं म्हणतात, की शेवटच्या चेहऱ्याच्या डाव्या भुवईपाशी तिचा हात आपोआप अडला. तिथे तिने रेघ तोडली.

"आता आणा त्याला," ती म्हणाली.

तरुण आला. सगळी चावडी एकदा भिंतीकडे आणि एकदा त्याच्याकडे बघत राहिली. तोच जबडा, तेच कान. डावी भुवई जुन्या जखमेने मधोमध तुटलेली. पाटलांनी डोक्यावरचं पागोटं काढून हातात घेतलं.

गोजरा चाचपडत भिंतीशी गेली आणि ताज्या कोळशावरून हात फिरवू लागली. तान्हाक्काने तिचा हात धरला. "भिंत नको गं बाई. तो इकडे आहे." आणि तिने ते काळे झालेले हात केरबाच्या गालांवर ठेवले.

ती भिंत पुढे एका पावसाळ्यात पडली. पण चैत्रात घरांना चुना देऊन झाला, की हिवरकड्यात आजही तान्हाक्काचा दिवस पाळतात. त्या सकाळी माणसं जोडीने समोरासमोर बसतात आणि एकमेकांचा चेहरा भिंतीवर काढतात. नाक वाकडं आलं तरी चालतं. मात्र बोलायचं नाही, नुसतं बघायचं. सासू सुनेपुढे बसते. वर्षभर न बोललेले भाऊ एकमेकांपुढे बसतात, आणि बरेचदा चित्र अर्धं टाकून उठतात ते एकत्र जेवायलाच.

आणि कुणी गाव सोडून कामाला निघालं, तर आधी त्याला आईसमोर बसावं लागतं. फाट्यावर एसटी आलेली असते. पण आईचं बघून पुरं होईपर्यंत ड्रायव्हर हॉर्न वाजवत नाही.