झिपरीची ढोली

झाडांवरही घरं भाड्याने मिळायची, त्या काळातली ही गोष्ट. झिपरी खार भिकोबा वानराच्या बेहड्याच्या झाडावर एका ढोलीत राहायची आणि भाडं म्हणून त्याला रानमेवा आणून द्यायची.

एके दुपारी ती परतली आणि जागीच थिजली. भिकोबाचा हात खांद्यापर्यंत तिच्या ढोलीत होता. डोळेही न उघडलेली तिची दोन पिल्लं बाहेर उघड्या फांदीवर पडली होती आणि वर घार घिरट्या घालत होती.

तिला पाहून भिकोबाने हात बाहेर काढला. झिपरीने झटकन एकेक पिल्लू उचलून आत नेलं.

"अगं, ओल आलीय का ते बघत होतो," भिकोबा म्हणाला. "ढोली माझीच आहे ना?"

"ढोली तुमची, पण घर माझं आहे, भिकोबा!" झिपरी कशीबशी म्हणाली. "आधी सांगितलं असतंत, तर मी पिल्लांना कुशीत घेऊन बसले असते."

भिकोबाने वर पाहिलं. घार दिसताच तो चरकला.

त्यानंतर तो खालच्या फांदीवरूनच विचारायचा, "झिपरे, येऊ का गं?"

कधी ती "या" म्हणायची. कधी आतून आवाज यायचा, "आज नको."

आणि भिकोबा आल्या वाटेने मुकाट परत जायचा.