सटवाबाची उमेदवारी

फार फार वर्षांपूर्वी, वाघतळ्याच्या नगरपालिकेवर अजून कौलं होती तेव्हा, रंगारी आळीतल्या इंदुमतीला एका काळजीने झोप लागत नसे. काळजी तशी साधीच होती, छबूला पाणी कुठलं पाजायचं. छबू चार वर्षांची, एकुलती. त्या आषाढात आळीतली पाच लेकरं जुलाबांनी गेली होती. इंदुमती सातवी पास. शाळेच्या पुस्तकात होतं की पाणी उकळून, गाळून प्यावं. ती उकळायची, गाळायची, आणि गाळायचं फडकं तरी स्वच्छ होतं का, या शंकेने पुन्हा उकळायची. सासू म्हणायची, "सातवी झालीस ती पाण्याला भ्यायला होय गं?" इंदुमतीलाही वाटे, डोकं फिरलंय ते आपलंच असेल.

त्याच गावात सटवाजी होता. सगळे त्याला सटवाबा म्हणत, पण हाक कुणी मारत नसे. मोठी माणसं जाळतात, चिमुकली पुरतात, आणि ओढ्याकाठी ती पुरायचं काम सटवाबाचं. बाप लेकराला उपरण्यात गुंडाळून आणी. सटवाबा खड्डा खणी, मूठभर मीठ टाकी, आणि कुणाचं लेकरू ते पुन्हा कधी ओठांवर आणत नसे. तसा शब्दच दिला होता त्याने प्रत्येक बापाला. असं म्हणतात, त्याची सावली दारात पडली तर आया पाळण्यावर पदर ओढत.

एकदा तो वाण्याकडे मीठ घेत होता, तेव्हा इंदुमतीने त्याला गाठलं. लांबूनच विचारलं, की बाबा, लेकरं सगळ्या गावातून येतात की आमच्याच आळीतून?

"नाव घ्यायचं नाही मला, बाई," तो म्हणाला. "पण नळ गटारातून कसा गेलाय ते बघा. तो वळतो तिथनंच माझं काम येतं."

ती जाऊन बघून आली. नगरपालिकेचा नळ रंगारी आळीत गटाराच्या पोटातून गेला होता, आणि त्याचे सांधे गंजून उघडे पडले होते. सकाळी तासभर पाणी यायचं. ते बंद झालं की नळ गटारातलं आत ओढून घ्यायचा, आणि दुसऱ्या सकाळच्या पहिल्या पाण्याबरोबर ते कळशीत यायचं. हे कळायला सातवीही लागत नव्हती.

सटवाबा हेच सांगायला नगरपालिकेत तीनदा जाऊन आला होता. शिपायाने त्याला पायरी चढू दिली नव्हती. मग इंदुमतीने सुवाच्य अक्षरात अर्ज लिहिला. उत्तर आलं की सूचनेची नोंद घेतली आहे, परंतु यंदा बाजारपेठेतल्या घड्याळाच्या मनोऱ्याचं काम प्रथम आहे. त्या प्रभागाचे नगरसेवक नानासाहेब सगळ्यांना सांगत फिरत, की एकदा गावाला वेळ कळली की बाकीची कामं वेळेवर होतीलच.

तेवढ्यात निवडणूक लागली. आत बसल्याशिवाय नळ उचलला जायचा नाही, हे इंदुमतीला उमगलं होतं. उभं राहायचं तर तिनेच राहायला हवं होतं, हेही उमगलं होतं. पण घरात विचारायची छाती नव्हती. तिने सटवाबाच्या नावाचा फॉर्म भरला आणि त्याचा अंगठा घेतला.

उमेदवाराने दारोदार फिरायचं असतं. सटवाबा कुणाच्या दारात जाणार? तो भर दुपारी आळीच्या तोंडाशी येऊन हात जोडून उभा राही. सावली पायाखालीच राहावी, कुणाच्या उंबऱ्यावर पडू नये, म्हणून दुपारी. दारं तरीही लागत.

सभेत नानासाहेबांच्या माणसांनी त्याला मुद्दाम वर चढवलं. कुणीतरी ओरडलं, "सटव्या, निवडून आलास तर करशील काय? आम्हाला खड्डे फुकट?" माणसं हसली.

"माझं काम बंद करीन," सटवाबा म्हणाला.

हसणं थांबलं. समोर ते बाप उभे होते. सटवाबाने एकेकाकडे पाहिलं. त्यांच्यातल्या एकाने जरी तोंड उघडलं असतं तरी पुरे होतं. एकेकाने मान खाली घातली. शब्द दिलेला माणूस आणखी काय बोलणार? तो खाली उतरला.

तेव्हा प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी असे आणि तिच्यावर त्याचं चिन्ह असे. नानासाहेबांचा दिवा होता. सटवाबाने, भोळा माणूस, कुदळ मागून घेतली होती, कारण तेवढी एकच वस्तू त्याची होती. आणि गावात बोलवा उठली, की कुदळीच्या पेटीत जो कागद टाकील तो आपलं लेकरू मातीत टाकील. घरी इंदुमती या गोष्टीवर हसली होती. मतदानाच्या दिवशी पडद्याआड ती एकटी होती. पेटीची फट काळी होती. बाहेर आजीच्या कडेवर छबू खोकली, लेकरं खोकतात तशीच, उगीच. इंदुमतीचा हात दिव्याकडे गेला.

कुदळीच्या पेटीत एकही मत निघालं नाही. गाव म्हणालं, अरे, त्याचं स्वतःचं तरी? पण सटवाबा मतदानाला आलाच नव्हता. त्या सकाळी रंगारी आळीतून त्याला काम आलं होतं.

गुलाल उधळत मिरवणूक आळीत शिरली तेव्हा सटवाबा नळापाशी तांब्या भरून उभा होता. "नानासाहेब, घोटभर प्या," तो म्हणाला, "मग पुढं जा." नानासाहेबांनी हात जोडले आणि आज उपास आहे म्हणाले. ताशे पुढे गेले.

दुसऱ्या दिवशी पाणी यायच्या वेळेला सटवाबा नळाखाली बसला. बायका आधी ओरडल्या, नळ बाटवला म्हणाल्या, मग मागे सरल्या. असं म्हणतात, तो एक घागर प्याला, दुसरी प्याला, पाणी नितळ येईपर्यंत पीत राहिला आणि मग बाजूला झाला. असे सात दिवस. असं म्हणतात, त्या सात दिवसांत ओढा हातभर खाली गेला आणि आळीत एका लेकराचं पोट बिघडलं नाही. आठव्या दिवशी तो आला नाही. ओढ्याकाठी त्याच्या मापाचा खड्डा तयार होता, कडेला मूठभर मीठ होतं. तो कुणी खणला हे आजवर कुणाला कळलेलं नाही. जमिनीनेच जागा करून दिली, असं म्हणतात.

तुम्ही म्हणाल, मग तरी नळ उचलला असेल. नाही हो. मनोरा झाला. नगरसेवक किती झाले आणि गेले, नळ अजून तिथेच आहे. आळीने फक्त एक रीत धरली. पाणी आलं की पहिली कळशी कुणी घरात नेत नाही. सटवाबाचं नाव घेऊन ती दारापुढे मातीत ओततात, हात जोडतात आणि दुसरी भरतात. त्याने लेकरं वाचतात, असं म्हणतात. बरीचशी.

ही रीत पहिल्यांदा केली ती इंदुमतीने, नवव्या दिवशी. दुसरं काय करावं ते तिला सुचलं नाही. पिवळट पाणी मातीत जिरत होतं आणि छबू पदर धरून बघत होती. हे कुणाला, तिने विचारलं.

"सटवाबाला," इंदुमती म्हणाली. "तो आपल्याला सांभाळतो."

छबू त्या ओल्या मातीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मग त्याला घाण का देतेस, आई?"