गजराबाईचं बंद दार

एकदा काय झालं, सरका जरा, मला टेकू द्या भिंतीला. हां. तर एकदा काय झालं, एक गाव होतं आणि त्या गावात ऋतू पायी चालत यायचे. खरंच सांगते. पाहुण्यासारखे दारात उभे राहायचे, "येऊ का?" म्हणून विचारायचे, आणि घरच्यांनी "या" म्हटलं की मगच आत पाऊल टाकायचे. परसदारानं कधी यायचे नाहीत. पाहुण्याची एक रीत असते ना, तशी.

तिघं होते ते. एक उन्हाळमामा. काळा, काटकुळा, डोक्याला लाल मुंडासं, अंगावर धूळच धूळ. दुसरी पाऊसमावशी. तिचे केस कायम ओले आणि तोंडाची टकळी कायम सुरू. आणि तिसरी थंडीआजी. ती वाकलेली, कमी बोलायची. आली की चुलीजवळचा कोपरा धरून बसायची ती बसायचीच.

त्या गावात एक बुरूड राहायचा. बुरूड म्हणजे बांबूच्या कामट्या काढून सुपं, टोपल्या विणणारा. त्याचं नाव शिदबा. त्याची बायको गजरा. त्यांना दोन मुली. थोरली रंगू, सात वर्षांची, आणि धाकटी छबू, ती अजून पाळण्यात होती.

घर लहान होतं, पण नांदतं होतं बरं का. उन्हाळमामा आला की गजरा अंगणात कुरडया घालायची आणि रंगू काठी घेऊन कावळे हाकायची. कावळ्यांपेक्षा जास्त कुरडयांचा चीक तीच खायची. पाऊसमावशी आली की शिदबा पडवीत बसून सगळ्या गावासाठी पावसात डोक्यावर घ्यायची इरली विणायचा. मग थंडीआजी यायची, खळ्यावर सुपं लागायची, आणि रात्री घरातली सगळी चुलीपुढे एकमेकांना चिकटून बसायची.

मग एका वर्षी काय झालं, थंडीआजी घरात असतानाच रंगूला ताप भरला. साधा ताप वाटला आधी. गजरानं काढा दिला. मग वैदूला बोलावलं, त्यानं मुळी उगाळून दिली. मग शिदबानं तिला पाठीवर घेतलं आणि शेजारच्या गावच्या म्हाताऱ्या वैद्याकडे नेलं. त्यानं नाडी पाहिली आणि नुसता तिच्या डोक्यावरून हात फिरवला. एका सकाळी, ऊन नुकतं पायरीवर आलं होतं, तेव्हा रंगू गेली.

नाही रे, परत नाही आली. गेलेलं माणूस परत येत नाही. या गोष्टीतसुद्धा नाही येत.

गजरा रडली नाही. ती नुसती घरभर बघत राहिली. जमिनीवर रंगूचं पाऊल उमटलेलं होतं. सारवण ओलं असताना ती त्यावरून धावली होती आणि गजरा तिला रागावली होती. शिंक्यात तिची अर्धी भाकरी होती. उशीला तिच्या केसांचा वास होता. गजरा त्या उशीत तोंड घालून बसायची.

मग थंडी सरली. थंडीआजी गुडघ्यावर हात टेकून उठली आणि म्हणाली, "येते गं गजरा."

गजरा दारात आडवी झाली. "आजी, जाऊ नका. तुम्ही गेलात की ऊन येईल. हे सारवण उकलेल, भाकरी वाळेल, उशीचा वास उडून जाईल. मग माझ्याजवळ काय राहील?"

आजी म्हणाली, "मला थांबता येत नाही बाई. पुढची गावं वाट बघतात." पण तिला गजराचं तोंड बघवेना. मग तिनं काय केलं, आपला थोडा गारवा चुलीपाशी ठेवला. "दार लावून घे," म्हणाली, "दार बंद आहे तोवर हा राहील. दुसरा ऋतू आत यायचा नाही. पण नीट विचार कर हो."

गजरानं काही विचार केला नाही. तिनं दार लावलं आणि अडसर घातला.

मग त्या घरात थंडीच राहिली. शिदबा आणि गजरा परसदारानं जायची यायची. आत मात्र रंगूचं पाऊल जसंच्या तसं. भाकरी शिळी होईना. उशीचा वास ताजा. गजरा रोज पावलावरून हात फिरवायची, आणि तिला वाटायचं, आत्ता तर धावत गेली पोर.

मग उन्हाळमामा आला. त्यानं कडी वाजवली. "गजराबाई, मी आलोय. कुरडया घालायच्या नाहीत का यंदा?"

आतून गजरा म्हणाली, "खाणारी गेली, मामा. तुम्ही पुढच्या घरी जा."

 मामानं मुंडासं काढून हातात घेतलं आणि गेला.

मग पाऊसमावशी आली. एवढी बोलकी बाई, पण त्या दारात आली आणि गप्प झाली. शेवटी म्हणाली, "गजरे, मला आत नको घेऊस हवं तर. पण तू बाहेर ये. दोघी मिळून रडू."

"मला रडायचं नाही," गजरा म्हणाली. "रडून झालं की माणूस उठतं आणि कामाला लागतं. मला उठायचं नाही."

मग मावशी एकटीच पायरीवर बसून रडली. कितीतरी दिवस रडली. ओढ्याला पूर आला, लोक म्हणाले, यंदा पाऊस फार झाला.

आणि शिदबा? तो तसा अबोल माणूस. पडवीत बसून कामट्या सोलायचा. रडू आलं की तोंड ओढ्याकडे करायचा.  पण उन्हाळ्यात त्यानं एक पांगुळगाडा केला होता. छबूला पहिली पावलं टाकायला, बांबूचा, छोटा. तो त्यानं परसातल्या पडवीत उभा करून ठेवला.

एक दिवस शेजारची धुरपाकाकू परसदारानं आली. तिच्याबरोबर तिचा नातू होता. तो आणि छबू एकाच महिन्यातले. धुरपाकाकूचं बोट धरून तो तुरुतुरु आत आला, चार दात दाखवून हसला आणि पाळण्याची दोरी ओढायला लागला. पाळण्यात छबू उताणी पडली होती. मुठी आवळलेल्या, तोंडाचं बोळकं, केसांची लव. थंडीत होती तेवढीच. ती हसतही नव्हती. भुकेनं रडतही नव्हती.

धुरपाकाकूनं एकदा पाळण्यात बघितलं, एकदा गजराकडे बघितलं, आणि नातवाला उचलून कडेवर घेतलं. "येते," म्हणाली. आल्या पावली परत फिरली. 

गजरा पाळण्याजवळ बसली. मग उठली आणि पडवीत गेली. तिथं तो पांगुळगाडा होता. केला तेव्हा बांबू हिरवागार होता. आता पार पिवळा पडला होता, आणि चाकांना कोळ्यानं जाळं केलं होतं.

"कधी केला हा?" तिनं विचारलं.

"झाले की दिवस," शिदबा म्हणाला. मग हातातली कामटी खाली ठेवून म्हणाला, "गजरा, रंगू माझीपण होती. मलापण ते पाऊल पुसायला नको वाटतं. पण पाळण्यातली वाढेना. मी रोज बघतो. दोघी गेल्या तर मी काय करू?"

तेवढ्यात पुढच्या पायरीवर कुणीतरी खोकलं. थंडीआजी आली होती. वर्ष फिरून आलं होतं, बरं का. तिनं कडी वाजवली नाही. बाहेरूनच विचारलं, "धाकटी रांगते का गं?"

 गजरा आत आली. पावलाजवळ बसली, त्यावर आपला तळहात ठेवला. खूप वेळ ठेवला. मग उशी छातीशी धरली आणि जेवढा येईल तेवढा वास घेतला. आणि मग तिनं अडसर काढला.

दार उघडलं तसं मागे राहिलेलं सगळं वर्ष एकदम आत शिरलं. ऊन आलं, वारा आला, ओल आली. जमिनीवरचं सारवण तडकलं आणि पावलाची माती झाली. शिंक्यातल्या भाकरीचा भुगा झाला. उशीला आता नुसता कापसाचा वास. आणि पाळण्यात छबूनं टाहो फोडला. वर्षभराची भूक होती ती. केस कपाळावर आले, दात फुटले, हातपाय लांब झाले. गजरानं तिला उचललं, पदराखाली घेतलं, आणि मग कुठं तिला रडू फुटलं. लेक पीत होती आणि आई रडत होती.

थंडीआजी येऊन चुलीजवळ बसली. गजरानं तिला विचारलं, "आजी, तुम्ही इतकी गावं फिरता. माझी रंगू कुठं दिसली का?"

आजी म्हणाली, "नाही गं. दिसली असती तर निरोप आणला असता. खोटं कशाला सांगू?"

 शिदबानं चुलीत लाकूड सारलं.

त्यानंतर ते दार कुणाला बंद झालं नाही. मामा आला, मावशी आली, आजी आली. छबू रांगली, चालली, पडली, पुन्हा चालली. कुरडया झाल्या. पहिल्या वर्षी गजराच्या डोळ्यांतलं पाणी त्या चिकात पडलं, तर कुरडया खारट झाल्या. शिदबानं मुकाट्यानं खाल्ल्या.

छबू सात वर्षांची झाली तेव्हा गजरानं पेटीतून रंगूचा जांभळा परकर काढला आणि तिला नेसवला. अगदी बेताचा बसला. पुढच्या थंडीत तो घोट्याच्या वर गेला. छबू म्हणाली, "आई, ताईचा परकर आखूड झाला."

गजरा तिच्याकडे बघत राहिली. थोरली आता धाकटी झाली होती आणि धाकटी थोरली. असंच व्हायचं होतं दरवर्षी. छबू उंच होत जाणार आणि रंगू सातच वर्षांची राहणार. गजराला हुंदका आला. पण तिनं छबूला जवळ ओढलं आणि म्हणाली, "आखूड झाला तर चांगलंच झालं बाळा. तुला मोठा शिवू."

आणि शिवला. मग छबूचं लग्न झालं, तिला लेकरं झाली, गजरा म्हातारी झाली. सुखात राहिली का? राहिली हो. अधूनमधून रडायची, पण सुखात राहिली.

झालं, संपली गोष्ट. तू का डोळे पुसतोस रे? ये, माझ्या कुशीत ये. छबू मोठी झाली ना? मग झोपा आता सगळे. सकाळी शेंगा भाजून देते.