शेल्याची मागची बाजू

हिरण्यकेशीच्या काठी तळेवडी नावाचे लहानसे गाव आहे. कार्तिक सरता सरता श्री वेणूनाथ महाराज फिरत फिरत तेथे आले आणि ग्रामदेवी जाखाईच्या देवळाच्या ओवरीत उतरले. सामान काय, तर एक घोंगडी आणि एक तांब्या. मुक्काम किती दिवस, असे कोणी विचारले की महाराज म्हणत, "आई जा म्हणेल तोवर."

तळेवडीची एक रीत होती. चैत्रात देवीची पालखी निघे तेव्हा देवीच्या अंगावर नवा शेला असे, आणि तो गावातल्याच एका घरच्या बाईने फुलीच्या टाक्याने भरलेला असे. कापडाची वीण मोजायची, दोन तिरपे टाके एकमेकांवर घालून फुली करायची आणि फुलीला फुली जोडत नक्षी उठवायची, असे ते काम. पाळी घराघरांतून फिरे. ज्या घराचा शेला देवळात नाकारला जाई, त्या घराची पाळी कायमची गेली म्हणून समजा. नक्षीचे सगळे जुने नमुने एका फडक्यावर भरून देसायांच्या घरी जपलेले होते. पाळीची बाई तिथे जाऊन नमुना पाही आणि कामाला लागे.

त्या वर्षी पाळी आली आवडाबाई शिंपिणीची. नवरा नाही, मूल नाही. गावाचे फाटके कपडे शिवून ती पोट भरी. तिच्या सासूने मरताना तिचा हात धरून एवढेच म्हटले होते, "आवडे, देवीची पाळी चुकवू नको गं." त्या एका शब्दासाठी ही बाई जगत होती म्हणा ना.

ती देसायांच्या घरी गेली. आक्कासाहेब देसाई सोप्यावर बसल्या होत्या, भोवती शेजारच्या बायका होत्या.

"आक्कासाहेब, नमुन्यांचं फडकं बघायला मिळंल का?"

आक्कासाहेब हसल्या. "ठिगळं लावणारीला नमुना कशाला गं? देवीलाही एक ठिगळच लाव की."

बायकाही हसल्या. आवडाबाईने पुन्हा विनवले तेव्हा आक्कासाहेबांनी तोंड फिरवले. "फडकं पेटीत आहे आणि पेटीतच राहील. तुझा नमुना तू शोध."

काय हा ताठा! बिचारी नमुना शोधत गावभर हिंडली. लुगड्यांचे काठ पाहिले, पितळी डब्यांवरच्या वेली पाहिल्या, देवळाच्या खांबांवरची कमळे कोळशाने भिंतीवर उतरवून पाहिली. पण फुल्यांत बसवायला गेले की कमळाचा कोबी होई. पौष निम्मा झाला तरी शेला कोराच. शेवटी तो कोरा शेला घेऊन ती महाराजांपुढे येऊन बसली आणि तिला रडू कोसळले.

"महाराज, नमुना मिळत नाही. सासूला काय तोंड दाखवू?"

महाराज म्हणाले, "दुसऱ्यांच्या दारात फार हिंडलीस. आता आईच्या अंगणात बस. इथं दिसेल ते भर. पहिली फुली तू घाल, दुसरी कुठं घालायची ते ती सांगेल. मात्र पुरा होईपर्यंत शेला उलटून बघू नको."

टाका घालणारीला मागची बाजू बघू नको म्हणायचे! पण नैवेद्याचा स्वयंपाक आपण चाखत नाही, तसे हे, असे मनाशी म्हणून आवडाबाईने मान डोलावली.

ती अंगणात बसली आणि तिचे डोळे जणू नव्याने उघडले. धुळीत चिमण्या नाचून गेल्या, तर त्यांच्या पावलांच्या फुल्याच उमटल्या होत्या. दीपमाळेचे हात पायरीपायरीने वर चढत होते. नदीचा घाटसुद्धा फुल्यांतच बांधल्यासारखा दिसू लागला. शिवणातून उरलेले दोऱ्याचे तुकडे तिच्याजवळ होते, ते गाठीला गाठ मारून तिने वापरले. दीपमाळ झाली, घाट झाला, घाटावर चिमण्या उतरल्या. येणाऱ्याजाणाऱ्या बायका नाक मुरडत म्हणत, "देवीला म्हणे चिमण्या!" तिला ते ऐकूही येत नसे.

पालखीचा दिवस उजाडला. शेला स्वीकारण्याआधी देसायांच्या घरची बाई तो उलटून पाही. मागे गाठी किंवा लोंबते दोरे दिसले की शेला परत. आवडाबाईने शेवटची फुली पहाटेच घातली होती आणि शेला न उलटता तसाच आणला होता. एवढ्या गाठी तर तिने स्वतःच मारलेल्या होत्या. तिने महाराजांकडे पाहिले. महाराज डोळे मिटून बसले होते.

आक्कासाहेबांनी हसत हसत शेला उलटला, आणि त्यांचे हसू जागच्या जागी विरले.

मागे एकही गाठ नव्हती. मागे चिमण्याही नव्हत्या. काठाने मोरांची रांग होती, मधे गोपुरे, सोंड उचललेले हत्ती, तुळशीवृंदावने, नमुन्याला नमुना लागलेला. आक्कासाहेबांचे बोट एका कोपऱ्याशी थांबले.

"हे आमच्या सासूबाईंचं फडकं आहे," त्या म्हणाल्या.

"ते तर तुमच्या पेटीत आहे ना?" एका बाईने विचारले.

"पेटीत काही नाही. माझ्या हयगयीनं कसर लागली, सगळ्याचा भुगा झाला. गावाला काय सांगू, म्हणून पेटी कुणापुढे उघडलीच नाही." त्यांना हुंदका आवरेना. "आणि ही कोपऱ्यातली फुली बघा. सगळ्या फुल्यांचा वरचा टाका एकीकडे झुकलाय, हिचा उलट. ही माझी. नवी नवरी होते, टाका येत नव्हता. उसवायला गेले तर सासूबाईंनी हात धरला. म्हणाल्या, राहू दे, माझ्या सुनेची पहिली फुली आहे."

ही गोष्ट आक्कासाहेब आणि त्यांच्या सासूबाईंखेरीज कोणालाच ठाऊक नव्हती. आवडाबाई बघतच राहिली. तिने यातला एक टाकाही घातला नव्हता.

आक्कासाहेब महाराजांच्या पायांशी वाकल्या, तर महाराजांनी पाय मागे घेतले. म्हणाले, "मी काय केलं? ही पुढून भरत होती, आई मागून भरत होती. चिमण्या बाहेर दिसू द्या, मोर आईच्या अंगाशी राहू द्या. आणि आता हा नमुना कुणाला बघू देणार नाही, असं म्हणू नका."

"नाही म्हणणार, महाराज."

आक्कासाहेब वळल्या आणि सोप्यावर हसलेल्या त्याच बायकांच्या देखत आवडाबाईपुढे वाकल्या. ती ओशाळून मागे सरली, "अहो आक्कासाहेब, मला कशाला," म्हणत राहिली. पण त्यांनी तिचे पाय धरले ते पालखी उठेपर्यंत सोडले नाहीत.