बोलक्या कोंबडीचे अंडे आत नेण्याबाबत

विषय : राजवाड्याच्या मुदपाकखान्यात एक (अक्षरी एक) अंडे नेण्याची परवानगी मिळण्याबाबत.
संदर्भ : १. जादूगाराचा शाप, गेल्या माघातला. २. सारजा आचारीण हिचा अर्ज.

एका राज्यात एक राजा होता. त्याची राणी ल्युबावा रशियाची. तिने रुखवतात पत्र्याचे तीन साचे आणले होते : हरीण, कोंबडा आणि मुलगी. थंडी पडली की राणी स्वतः पदर खोचून मध, करपवलेली साखर, दालचिनी नि लवंग घालून पीठ मळी, रात्रभर मुरवी, लाटून साच्याने कापी आणि भट्टीत भाजी. वाफेबरोबर सारा वाडा गोड होई.

पुढचे काम मात्र अडे. त्या बिस्किटांवर पांढऱ्या साखरेने डोळे, ओठ, झगा रेखायचा असतो आणि ती साखर अंड्याच्या पांढऱ्यात घोटायची असते. मुदपाकखाना सोवळ्याचा. राजाच्या आजोबांनी उंबऱ्यावर कोरून ठेवले होते, अंडे आत येणार नाही.

“आमच्याकडे चेहरा काढल्याशिवाय पाहुण्याला बिस्किट देत नाहीत,” राणी म्हणे.

“इथे देतात, राणीसाहेब,” थोरले आचारी म्हणत.

गेल्या माघात एक जादूगार पाहुणा आला आणि भट्टीपुढच्या पाटावर बसला. सारजेची लेक शेवंता तबक घेऊन पुढे झाली. जादूगाराने कोरी बिस्किटे पाहिली.

“बिनचेहऱ्याचा पाहुणचार? आणणारीही बिनचेहऱ्याची होवो!”

शेवंता वीतभर बिस्किट होऊन तबकात पडली. थोरल्या आचाऱ्यांनी तबक उचलून भट्टीसमोरच्या फडताळात ठेवले, पायाखाली येऊ नये म्हणून.

सारजेने जादूगाराचे पाय धरले. शापाला उतारा द्यायचा रिवाज असल्याने त्याने दिला. “राक्षसाच्या शिखरावरची साखर, नागाच्या बागेतले लिंबू आणि बोलक्या कोंबडीचे अंडे आण. याच भट्टीपुढे, आईच्या हाताने, एका अखंड रेघेत चेहरा काढ. वर्ष ओलांडले की हिचा चुरा होईल. इथून हलवलेस तरी होईल.”

सारजा निघाली. शिखरावर राक्षस भेटला.

“कशाला हवी साखर?”

“लेकीला डोळे काढायचेत, बाबा.”

राक्षसाने पोतेभर दिली. नागाने फणा काढला, ऐकून घेतले, फणा मिटला आणि तीन लिंबे दिली. म्हणाला, एखादे किडके निघते. कोंबडी मात्र फटकळ होती.

“अंडं देईन, बये. पण पदराखाली ने. कुणाला विचारू नकोस.”

“बरं,” सारजा म्हणाली.

पण तीस वर्षे तिने त्या उंबऱ्यावर पाय धुतल्यावाचून आत पाऊल टाकले नव्हते. पदराखाली अंडे घेऊन ती उंबऱ्यापाशी आली आणि पाय आपोआप थांबले. पहारेकरी पेंगत होता. सारजेने त्याला हलवून जागे केले.

“अरे, अंडं आहे माझ्याजवळ. नेऊ ना आत?”

पहारेकऱ्याने शास्त्रीबुवांना विचारले, शास्त्रीबुवांनी दिवाणजींना. दिवाणजी म्हणाले, “अर्ज करा.”

अर्ज झाला. शास्त्रीबुवांनी शेरा मारला की, कोंबडी बोलकी असल्याने अंडे वस्तू की पाहुणा हे आधी ठरावे. दिवाणजींनी विचारले की, पांढराच हवा तर अर्जात पिवळ्याचा उल्लेख कशासाठी? शेवटी शेवंतेला समक्ष हजर करण्याचा हुकूम निघाला.

“ती बिस्किट आहे, दिवाणजी. हलवली तर मोडेल.”

“तसा दाखला जोडा.”

“कोण देईल दाखला?”

“जादूगार.”

राणीने राजापाशी शब्द टाकला. “नियम आजोबांचा आहे,” राजा म्हणाला. “मी नुसता राजा.”

आषाढात हवा दमट झाली. शेवंतेच्या डाव्या पावलाचा कोपरा मऊ पडून गळला. सारजेने तो चुरा डबीत घातला. कोंबडी उंबऱ्याबाहेरच मुक्कामाला आली, अंडे शिळे झाले की नवे घाली आणि दर वेळी म्हणे, “सांगितलं होतं.” पुढे तेही म्हणेनाशी झाली.

राणी बाहेरच्या ओसरीवर सारजेला शिकवायला बसे. “घाई नको, सारजाबाई. हात उचलायचा नाही. रेघ तुटली की चेहरा तुटला.” सारजेचा हात रांगोळीचा. चिमटीतून रांगोळी सोडत ती ओसरीवर शेवंतेचा चेहरा एका रेघेत काढी. भुवई, नाक, ओठ, हनुवटीवरचा तीळ. संध्याकाळी झाडून टाकी, सकाळी पुन्हा काढी. हात असा बसला की राणी शिकवायचे सोडून बघत राही.

पुन्हा माघ लागला. काल सकाळी सारजेने हनुवटीपर्यंत रेघ आणली आणि ती थांबली. हात तसाच अधांतरी राहिला.

“काय झालं?” राणीने विचारले.

“तीळ,” सारजा म्हणाली. “डावीकडे होता की उजवीकडे?”

राणीला ठाऊक नव्हते. कोंबडीलाही नव्हते. आत फडताळात ज्या चेहऱ्यावर पाहायचे, तो कोरा होता.

वर्ष भरायला सहा दिवस उरले आहेत. अंडे ताजे आहे. अर्ज प्रलंबित आहे.