साळू तांबटीण आणि पुसलेला ताम्रपट

एका राज्यात धवली नावाची नदी होती, आणि त्या नदीवर एकच पूल होता. पुलाच्या अलीकडे वरपेठ, पलीकडे खालपेठ. वरपेठेत राजवाडा आणि सरदारांच्या हवेल्या. खालपेठेत तांबट, कोष्टी, कुंभार, तेली. पुलाच्या मध्यावर काळ्या दगडाचा खांब होता आणि खांबावर हातभर लांबीचा ताम्रपट टांगलेला होता. राज्याचा पहिला नियम त्यावर कोरला होता. राजा कोणी व्हावे, कसे व्हावे, ते त्यात लिहिलेले.

राजा म्हातारा झाला. त्याला मूलबाळ नव्हते. भावाचा मुलगा रुद्रभान वरपेठेत वाढत होता, बहिणीचा मुलगा पद्मकेतू खालपेठेत. वारस ठरला की तो आपल्याला जगू देणार नाही, अशी राजाला धास्ती. त्याने धूम्राक्ष मांत्रिकाला बोलावले आणि म्हटले, "ताम्रपट पुसून टाक." धूम्राक्षाने फुंकर घातली. अक्षरे मधमाश्यांसारखी उठली आणि त्याच्या झोळीत जाऊन बसली. शेवटची ओळ तेवढी हलली नाही, कारण ती शापाची होती: 'हा लेख जो लोपवील, त्याच्या नगरीत रागाने उचललेला दगड हातातून सुटणार नाही.'

पुढच्याच महिन्यात राजा वारला. मग गादी कोणाची? अमात्य म्हणाले, रुद्रभानाची. पुरोहित म्हणाले, पद्मकेतूची. दोघांनी ताम्रपटाकडे बोट दाखवले आणि ताम्रपट कोरा. शाप तेवढा सगळ्यांना वाचता आला. नियम कोणालाच आठवेना. दुकाने बंद झाली, चौकाचौकात माणसे जमली, पुलाच्या दोन्ही तोंडांशी आरोळ्या उठल्या. वरपेठेचा एक पहारेकरी आणि खालपेठेचे चौघे काठ्यांच्या मारात मेले. त्या रागात शेकडो हातांनी दगड उचलले, आणि एकही दगड सुटला नाही.

खालपेठेत भिवा तांबट राहत असे. गरीब स्वभावाचा माणूस. गल्लीत भांडण लागले की हा खाली मान घालून हातोडी चालवी. तोही त्या दिवशी पुलावर गेला होता. घरी आला तेव्हा त्याच्या उजव्या हातात नारळाएवढा दगड होता.

"साळू, सुटत नाही गं," तो म्हणाला.

साळू त्याची बायको. भांड्यांवर नावे घालण्यात तिचा हात धरणारे राज्यात कोणी नव्हते. तिने तेल लावले, ऊन पाणी ओतले, शेवटी छिन्नी घेतली. दगडाचा कपचाही निघाला नाही. दुसऱ्या दिवशी भिवाची बोटे राखाडी झाली. वैद्य म्हणाले, "रोज चार बोटे वर चढेल. छातीपर्यंत पोचायला दहा दिवस. पुढचे मला विचारू नका."

साळू दारातल्या उंबराखाली बसली आणि हुंदके देऊ लागली. उंबरावर तांबट पक्षी बसला होता, हिरव्या अंगाचा, तांबड्या कपाळाचा. दिवसभर तो टुक टुक करी, जसा कोणी तांबे ठोकतो आहे.

"साळूबाई," पक्षी म्हणाला, "तुमचे आमचे नाव एक, म्हणून सांगतो. अक्षरे धूम्राक्षाकडे आहेत. तो तांब्याच्या जुन्या खाणीत राहतो. तीन दिवसांची वाट आहे. ताम्रपट सोबत न्या."

साळू उठली आणि पुलावर गेली. दोन्हीकडचे लोक दगड मांडीवर घेऊन रस्त्यातच बसले होते. त्या ओझ्याने कोणाला उठवत नव्हते. तिने खांबावरचा ताम्रपट काढला तेव्हा वरपेठेची एक म्हातारी सरदारीण म्हणाली, "तू खालपेठेची. त्यात तुझ्या मनाचे लिहून आणलेस तर?"

"आणणार नाही," साळू म्हणाली.

"शपथ घे."

"शपथ कशाला? हात माझा आहे."

म्हातारीने पाय बाजूला घेतले आणि वाट सोडली.

पहिल्या दोन दिवसांत साळूने डोंगर ओलांडले. तिसऱ्या दिवशी आरोळ्यांचे रान लागले. तिथली झाडे बोलत होती. पळस ओरडे, "रुद्रभान!" साग ओरडे, "पद्मकेतू!" फांद्या एकमेकींवर आपटत, पानांचा धुरळा उडे. सोबत उडत आलेला तांबट पक्षी वरून म्हणाला, "ज्याने इथे उत्तर दिले तो इथेच रुजला. ही झाडे कोण होती असे वाटते तुम्हाला?"

साळूने नीट पाहिले. प्रत्येक खोडाला डोळे होते. एका सागाने तिच्या कानाशी वाकून हाक मारली, "पद्मकेतू!" तिच्या जिभेवर तेच नाव आले. दुष्काळात पद्मकेतूने स्वतःची कोठारे उघडून खालपेठेला पोसले होते. साळूची थोरली बहीण त्याच धान्यावर जगली होती. तिने पदर तोंडात धरला आणि चालत राहिली. रान संपले तेव्हा पदर दातांनी फाटला होता.

खाण डोंगराच्या पोटात होती. आत भिंतींवर तांबे आपोआप झळकत होते, दिव्याची गरज नव्हती. धूम्राक्ष एका खडकावर बसला होता; त्याच्या दाढीतून धूर निघत होता. समोर पाच रिकामे तांबे ओळीने मांडले होते.

"अक्षरे हवीत?" तो म्हणाला. "आधी काम. हे पाच तांबे पुलावर मेलेल्या पाच जणांचे आहेत. ज्याचे त्याच्यावर नाव घाल."

"मला त्यांची नावे ठाऊक नाहीत."

"वाजवून पाहा."

साळूने पहिल्या तांब्यावर टिचकी मारली. आतून एक तरुण आवाज आला: "तुकाराम कोष्टी." दुसरा म्हणाला, "सटवा तेली." चौघे खालपेठेचे होते; त्यांची नावे घालण्यात दोन दिवस गेले. तिने पाचव्या तांब्यावर टिचकी मारली. मग जड आवाज आला, "बहिर्जी पहारेकरी, वरपेठ. माझ्या नावातला रफार विसरू नका."

साळूचा हात थांबला. हा त्यांचा माणूस. याच्याच काठीने सटवा मेला असेल. तिने छिन्नी पुन्हा धारेला लावली, तांब्या मांडीवर घेतला आणि बहिर्जीचे नाव घातले. रफार नीट, शेवटची वेलांटी इतरांहून किंचित रेखीव. पाचही तांबे एकदम वाजले, देवळातल्या घंटांसारखे, आणि डोंगर आतून थरारला. साळू थिजून उभी राहिली. असा नाद तिने जन्मात ऐकला नव्हता.

धूम्राक्षाने झोळी उघडली. अक्षरे घोंघावत बाहेर आली, खाणभर फिरली आणि ताम्रपटावर ओळीने बसली.

"आता दुसरे काम," तो म्हणाला. "हा ताम्रपट पुलावर ने आणि मोठ्याने वाच. वाचेपर्यंत तांबे लोण्यासारखे मऊ राहील. नखाने अक्षर बदलता येईल. कोणाला कळणार नाही, मलाही नाही."

बाहेर उन्हात येऊन साळूने वाचले: 'राजास अपत्य नसता गादी भावाच्या पुत्राकडे जावी.'

तिने ओळ पुन्हा वाचली. भावाच्या म्हणजे रुद्रभान. एकच शब्द. 'भावाच्या' पुसून 'बहिणीच्या' लिहायचे, तेवढ्याने भागत होते. तिच्या हाताला ते क्षणाचे काम.

तीन दिवस ती ताम्रपट छातीशी धरून चालली. पहिल्या दिवशी तिला सटवा आठवला. दुसऱ्या दिवशी भिवा आठवला. राखाडी आता त्याच्या खांद्यावर असेल. तिसऱ्या दिवशी ती एका ओढ्याकाठी बसली आणि तिने नख 'भावाच्या'वर टेकवले. तांबे खरेच लोणी होते. 'भा'चा काना हलला.

"पक्षीराज," ती म्हणाली, "मी हे केले तर दगड सुटतील?"

"मला ठाऊक नाही, साळूबाई."

"पद्मकेतू चांगला राजा होईल."

"होईल."

"मग?"

पक्षी टुक टुक करू लागला. साळूला पुलावर म्हातारीला दिलेला शब्द आठवला. मग तिने काना परत जागेवर सरकवला, ओढ्यात हात धुतले आणि उठली.

दहाव्या दिवशी सकाळी ती पुलावर पोचली. दोन्ही पेठा रस्त्यात आडव्या पडल्या होत्या. भिवालाही शेजाऱ्यांनी पुलाच्या खालपेठेकडच्या तोंडाशी आणून बसवले होते; त्याचा गळा राखाडी झाला होता, डोळे तेवढे हलत होते. साळू खांबापाशी उभी राहिली. तिने ताम्रपट दोन्ही हातांनी वर धरला. मग मोठ्याने वाचले:

"राजास अपत्य नसता गादी भावाच्या पुत्राकडे जावी."

खालपेठेतून आक्रोश उठला. "विकली गेली!" कोणी ओरडले. तिच्याच आळीतल्या एका बाईने तोंड फिरवले. साळू रडत होती, पण तिने ताम्रपट खाली केला नाही.

तेवढ्यात पहिला दगड पडला. मग दुसरा. मग पुलावर, घाटावर, गल्ल्यांत दगड पडू लागले, शेकड्यांनी, आणि राखाडी हातांमध्ये रक्त परतले. धवलीचे पाणी त्या आवाजाने क्षणभर वाहायचे थांबले. आणि साळूच्या हातातला ताम्रपट तापला. तिने उलटून पाहिले. मागच्या कोऱ्या बाजूवर अक्षरे उगवत होती, जशी ओल्या मातीतून कोंब येतात. पुढची बाजू जशीच्या तशी वाचल्याशिवाय ती उगवत नसत, हे कोणालाही ठाऊक नव्हते.

तिने वाचले: "राजाने अनवाणी पूल ओलांडावा आणि पलीकडच्यांची संमती मागावी. ती मिळेतो मुकुट खांबावर राहावा. धान्यकोठारांच्या किल्ल्या पलीकडच्यांच्या हाती असाव्यात. रस्त्यावरच्या माणसांवर राजाने फौज घातली तर त्याच दिवशी त्याची गादी संपली."

दोन्ही काठांनी माना वर केल्या.

रुद्रभान पुढे आला. त्याने अमात्यांच्या हातातला मुकुट खांबावर ठेवला, जोडे काढले आणि चालू लागला. पूल लांब होता आणि दगडांनी भरलेला होता. त्याचे पाय फुटले. पलीकडे सर्वांत पुढे भिवा बसला होता.

"तुमची संमती आहे?" रुद्रभानाने विचारले.

भिवा आपला हात पाहत होता. दगडाभोवती दहा दिवस आखडलेली बोटे तो एकेक करून सरळ करू पाहत होता आणि ती उघडत नव्हती. मागून सरदार कुजबुजले. रुद्रभानाने त्यांना हाताने थांबवले.

"घाई नाही," तो म्हणाला, आणि उन्हात उभा राहिला.

अर्धा प्रहर गेला. अंगठा सुटला, मग करंगळी. भिवाने साळूकडे पाहिले, मग राजाकडे.

"नियमात आहे म्हणून हो," तो म्हणाला. "पण नियमातले सगळेच."

"सगळेच," रुद्रभान म्हणाला, आणि कमरेला लावलेल्या कोठारांच्या किल्ल्या काढून त्याने त्या पद्मकेतूच्या हाती दिल्या.

मुकुट खांबावरून उतरला, बाजार भरला, चुली पेटल्या. त्या राज्यावरचा शाप असा फिटला. आपल्या गावीही भांडणे मिटोत, हातातली ओझी गळोत आणि सगळे सुखाने घरी जावोत.