अस्वलिणीचा राखणदार

एका डोंगराळ जंगलात एक काळी अस्वलीण आपल्या पिलासह राहत असे. मुलांनो, अस्वलाची एक खोड तुम्हाला कदाचित ठाऊक नसेल. वारूळ फोडून त्यात तोंड खुपसले आणि वाळवी फुर्र फुर्र ओढायला सुरुवात केली, की स्वतःच्या आवाजापुढे त्याला दुसरे काही ऐकूच येत नाही. पोटापुढे कान गेले! म्हणून अस्वलिणीने वारुळाशेजारच्या मोहाच्या झाडावर राहणाऱ्या वानराशी करार केला होता. "बिबट्या आला तर मी त्याला हुसकावीन," ती म्हणाली होती, "पण वाटेने माणूस येताना दिसला, की तू ओरडायचे. मी पिलाला घेऊन बाजूला होईन." या करारामुळे माणसेही सुखरूप जात आणि अस्वलेही.

पुढे पाठीवर पिशव्या घेऊन डोंगर चढणारे हौशी लोक त्या वाटेने येऊ लागले. वानर दिसले, की कोणी बिस्कीट टाकी, कोणी चिक्की. वानर महाबिलंदर! त्याने विचार केला, 'मी ओरडलो तर हे पाहुणे बिचकतील. मग मला खाऊ कोण देणार?'

एके दिवशी दुपारी इरावती आणि तिचा मित्र शेखर त्या वाटेने चढत होते. इरावती नको नको म्हणत असताना शेखरने बिस्किटांचा अख्खा पुडा मोहाखाली ठेवला. वानर झपकन खाली उतरले आणि पुडा घेऊन शेंड्यावर जाऊन बसले. तिथून त्याला सगळे दिसत होते. वळणापलीकडे अस्वलिणीचे तोंड वारुळात होते, पिल्लू वाटेवर लोळत होते आणि दमलेली ती दोघे न बोलता वळणाकडे चालली होती. तरी वानर ओरडले नाही.

"अगं, पिल्लू! थांब, फोटो काढतो," म्हणत शेखर झुडपाआडच्या वारुळापुढून पिलाकडे गेला आणि त्याला अडवायला इरावतीही मागोमाग गेली. पिल्लू किंचाळले. अस्वलिणीने तोंड वर काढले, तर पिल्लू पलीकडे आणि मध्ये दोन माणसे! ती मागच्या पायांवर उभी राहिली. तिच्या डोळ्यांपुढे आता फक्त पिल्लू होते. शेखर पळायच्या बेतात होता.

"पळू नकोस. पाठही फिरवू नकोस," इरावती दबक्या आवाजात म्हणाली. "माझ्याबरोबर हळूहळू बाजूला सर. तिला वाट दे."

अस्वलीण धावून आली, धुरळा उडाला आणि ती हातभर अंतरावर थांबली. ती दोघे तशीच बाजूला सरकत राहिली. वाट मोकळी होताच अस्वलीण पुढे झेपावली आणि पिल्लू तिच्या पाठीवर चढून घट्ट बिलगले. तिने वर पाहिले. "अरे, ओरडला का नाहीस?" वानराचे गाल फुगलेले होते. उत्तर द्यायलाही तोंड रिकामे नव्हते.

"शेखर, त्या वानराचे तोंड भरलेले नसते, तर ते आपल्याला पाहून ओरडले असते. तो पुडा आपल्याला केवढ्याला पडला असता!" इरावती म्हणाली.

अस्वलीण त्याच पावली पिलाला घेऊन पलीकडच्या डोंगरावर निघून गेली. संध्याकाळी बिबट्या मोहाच्या झाडावर चढू लागला. वानर जिवाच्या आकांताने ओरडले, पुन्हा पुन्हा ओरडले. वारुळाशी कोणीच नव्हते.

तात्पर्य : राखणदाराचे तोंड खाऊने बंद केले, की संकट कोणालाच सांगून येत नाही; खाऊ देणाऱ्यालाही नाही आणि खाणाऱ्यालाही नाही.